शीर की धमनी

गाडीतून उतरल्या उतरल्या भाऊने वर्कशॉपचं शटर स्वतः वर ढकललं, तेही एका दमात. कंबर धरलीय म्हणून हेच शटर गेले कितीतरी दिवस तो दुसऱ्याकडून उघडून घेत होता. मागून त्याच्या बायकोने बजावलं की उद्या सकाळी कंबर बरोबर आठवण करून देईल, पण बजावता बजावता तीही हसत होती. हॉस्पिटलपासून इथपर्यंत चौघंही गाडीत एकदम बोलत होती आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. या घरात आनंद व्हायची तीच रीत आहे.

आनंद एवढाच होता की गाठ वाढली नव्हती. डॉक्टरबाईंनी पडद्यावर जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून दाखवला आणि पेनाच्या टोकाने एक कड दाखवत सांगितलं, इथून थोडी आक्रसलीय. बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही. भाऊच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या स्वादुपिंडात, म्हणजे जठराच्या पाठीमागे, ती गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला मिठी मारून बसली होती, त्यामुळे सर्जनने हिवाळ्यातच हात वर केले होते. तेव्हापासून हा पहिला दिवस, की ज्या दिवशी कुणीतरी पुढचं बोललं.

दुपार होती, शनिवारची. कामगार घरी गेले होते. पंपांच्या रांगा, तेलाचा वास, आणि मध्ये चाचणीचा लांबलचक बाक. ही अक्काची जागा. भाऊ पंप बनवतो, अक्का ते तपासते, आणि तिने मान हलवल्याशिवाय इथून एकही पंप बाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक दारात ट्रक घेऊन उभं का असेना. भाऊच्या बायकोला अख्खं वर्कशॉप मामी म्हणतं, कारण अक्काची लेक लहानपणापासून इथे मामी, मामी करत फिरायची. त्या लेकीचं नाव बारकी पडलं ते पडलंच. आज ती घरात सगळ्यांत उंच आहे, शहराच्या बससेवेत गाड्यांची वेळापत्रकं आखते आणि दारातून आत येताना वाकते.

भाऊने खडू उचलला. त्याला कधीपासून चित्र काढायचं होतं.

आतापर्यंत औषध शिरेतून जात होतं. छातीवर कातडीखाली एक छोटी डबी बसवलेली, तिच्यातून सुई, आणि उरलेलं औषध घरी घेऊन यायचं, पट्ट्याला अडकवलेल्या एका चिमुकल्या पंपासकट. पंप म्हटल्यावर भाऊ गप्प बसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच फेरीला त्याने तो कानाला लावला, मोटर घासतेय असं निदान केलं आणि झाकण उघडलं. अलार्म वाजला, अक्का जेवणावरून उठली, वॉर्डच्या सिस्टरने फोनवर भाऊला जे सुनावलं ते मामी अजून सणावारी ऐकवते. हसू आलं तरी त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आता डॉक्टरबाईंनी दुसरी वाट सांगितली होती. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी आत सरकवायची, थेट गाठीजवळच्या रक्तवाहिनीपर्यंत, आणि औषध तिथेच सोडायचं. अख्ख्या अंगाला न्हाऊ घालण्याऐवजी जिथे हवं तिथेच. मात्र कोणती वाट चांगली हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांच्याकडे एक अभ्यास चालू होता: अक्कासारख्यांपैकी निम्म्यांना शिरेतून, निम्म्यांना धमनीतून, आणि कुणाला काय ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. तुम्ही नाही, मीही नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. नको वाटलं तर मध्येच बाहेर पडता येईल. यायचं की नाही ते सोमवारी कळवा.

भाऊने बाकावर खडूने स्वादुपिंड काढलं. ते पडवळासारखं दिसत होतं. त्यात त्याने एक पाइप घातला आणि मोठा बाण मारला. आत इनलेट, बाहेर आउटलेट, म्हणाला, यात न समजण्यासारखं काय आहे?

बारकीने त्याच्या हातातून खडू घेतला आणि बाण पुसला. मामा, तसा एक पाइप नाहीच तिथे, असं डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मामा स्वतःच बोलत होता. बारीक बारीक फांद्या आहेत, नळी आत जाईल अशा नाहीत. म्हणून नळीला दोन छोटे फुगे असतात. गाठीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. दोन्ही फुगवायचे, मधला तुकडा बंद करायचा, आणि औषध दाबाने भिंतीतून आत झिरपवायचं.

हे ऐकून भाऊ निरुत्साही होईल अशी तिची अपेक्षा असावी. तो तर जागच्या जागी उडाला. दोन्हीकडून व्हॉल्व्ह बंद, मध्ये प्रेशर! अगं, हे तर आपण रोज करतो. त्याने मामीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, भिंतीवरच्या आपल्या बाबांच्या फोटोकडेसुद्धा पाहिलं. आणि त्याच भरात त्याच्या तोंडून निघून गेलं की दुसऱ्या एका शहरात एक सेंटर आहे, तिथे चिठ्ठ्याबिठ्ठ्या काही नाहीत, सांगितलं की सरळ धमनीतूनच करतात. त्याने मघाशी हॉस्पिटलच्या बाथरूममधून फोन लावला होता.

"कुणाला विचारून?" बारकी म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? चौकशी केली."

"माझ्या आईची चौकशी तू बाथरूममधून करतोस."

गाडीतला आनंद तिथे पहिल्यांदा अडखळला. बारकीचं म्हणणं सरळ होतं. जे चालू आहे ते लागू पडतंय, फोटोत दिसतंय. चालत्या मार्गावरची गाडी कुणी काढतं का? शिरेतूनच चालू ठेवा, अभ्यास नको, फुगे नकोत. भाऊचं म्हणणं, लागू पडतंय म्हणजे काय, थोडं आक्रसलं म्हणजे लागू पडलं का, आपण पंप थोडा चालला म्हणून गिऱ्हाइकाला देतो का. मामी आधी नवऱ्याच्या बाजूने मान हलवत होती. बाथरूमचा फोन ऐकल्यावर ती बाकाला वळसा घालून बारकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भाऊने ते पाहिलं आणि त्याला लागलं.

अक्का स्टुलावर बसून होती. डोक्याला रुमाल, पायात दोन जोड मोजे. या वादात तिने अजून एक शब्द काढला नव्हता, आणि गंमत म्हणजे हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मामीला या घरात येऊन जन्म गेला, पण ती अजून बाहेरून आल्यासारखी बघू शकते. तिला दिसलं ते असं: मामा-भाचीत आता पाच मिनिटांत काका निघेल. काका म्हणजे अक्का-भाऊचा चुलता, जो एका लेथ मशीनवरून भांडून गेला तो परत आला नाही, आणि ज्याचं नाव निघालं की समजायचं, आता बोलणं संपलं आणि भांडण सुरू झालं. तिने टाळी वाजवली आणि सांगून टाकलं, पलटी लावा.

पलटी ही बाबांची पद्धत. वर्कशॉपमध्ये काही मोठं ठरवायचं असलं, नवं मशीन, नवा साचा, की ज्याला ते हवं असेल त्याने त्याच्या विरुद्ध बोलायचं, आणि ज्याला नको असेल त्याने बाजूने. मनापासून बोलायचं, पाट्या टाकायच्या नाहीत. बोलणाऱ्याचा हात बाकाच्या टोकाला वस्तू आवळून धरणाऱ्या लोखंडी व्हाइसवर, आणि हात तिथे आहे तोवर दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाबा म्हणायचे, स्वतःची बाजू काय, झोपेतसुद्धा मांडता येते. काका गेला त्या दिवशी पलटी लावायचं राहून गेलं होतं, असं मामीचं मत आहे. तिला विचारलं कुणी नाही.

भाऊने कुरकुर केली, हे काय मशीन आहे का. पण मामीने त्याचा हात धरून व्हाइसवर ठेवला.

सुरुवातीला तो खरंच पाट्या टाकत होता. धमनीवाल्या प्रकाराला दर वेळी भरती व्हावं लागतं, नंतर तासन्‌तास पाय न हलवता उताणं पडून राहावं लागतं, अक्काला पडून राहायची सवय नाही. मग तो हळू झाला. कारण पंपाचं डोकं एकदा फिरलं की त्याचं त्यालाही थांबवता येत नाही.

"समजा," तो म्हणाला, "गाठीतून आधीच चार पेशी निसटल्यात. फोटोत दिसणार नाहीत एवढ्या. शिरेतलं औषध सगळीकडे जातं, ते त्यांना कुठेतरी गाठेल. फुग्यांच्या मधलं औषध तिथेच कोंडलेलं. आपण एकाच जागी जोर लावत बसू आणि गळती दुसरीकडेच असेल." त्याने खडूच्या पडवळाकडे पाहिलं. "आणि धमनी म्हणजे होजपाइप नाही. आत गुठळी झाली, भिंत फाटली, तर मला गॅस्केट बदलता येणार नाही."

तो थांबला. हात मात्र व्हाइसवरच राहिला. भाऊला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याने काढलेल्या चित्रात अक्का कुठेच नव्हती, नुसतं पडवळ होतं.

बारकीची पाळी आली तेव्हा तिचं आधीच ठरलं होतं, की दोन वाक्यं बोलायची आणि सुटायचं. तिने व्हाइसवर हात ठेवला. तो गार होता. आईला गार लोखंड आता हातमोज्याशिवाय धरता येत नाही, हे तिला त्याच क्षणी आठवलं, आणि ती दोन वाक्यं गेलीच.

"आईला हल्ली बेअरिंग कळत नाही," ती म्हणाली.

अक्काने मान वर केली.

बारकी आईकडे न बघता बोलत राहिली. परवा ती डबा द्यायला आली होती तेव्हा आई बाकावर होती. आईने पंपावर तळवा ठेवला, नेहमीसारखा. थोडा वेळ ठेवला. मग इकडेतिकडे पाहिलं, वाकली आणि पंपाला गाल लावला. बोटांतून जे कळायचं ते आता गालाने ऐकते. बोटं बधिर झालीत, गार पाणी सुयांसारखं टोचतं, शर्टाची बटणं लावायला आई आता सकाळी लवकर उठते. हे सगळं गाठीने केलेलं नाही, औषधाने केलंय, अख्ख्या अंगात फिरणाऱ्या औषधाने. "मी वेळापत्रकात काय बघते? बस वेळेत पोचली की माझं काम झालं. आतले लोक कसे पोचले ते माझ्या कागदावर येत नाही." ती मामाकडे वळली. "औषध गाठीला जास्त आणि आईला कमी, असं होण्याची नुसती शक्यता जरी असली ना, तरी ती वाट मी नको कशी म्हणू?"

तिने हात काढला. भाऊ भाचीकडे असा बघत होता, की जणू त्याच्याच मनातलं तिने त्याच्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं, आणि आपलं मन कुठे आहे हेच त्याला आता आठवत नव्हतं. मामीने पदराने डोळे पुसले आणि हिशेब केला: धमनीवाला शिरेकडे सरकलाय, शीरवाली धमनीकडे, म्हणजे पुन्हा दोघं दोन टोकांना आणि आपण होतो तिथेच.

तेवढ्यात अक्का स्टुलावरून उठली.

"आता मी," ती म्हणाली.

पलटीत अक्का कधी बोलत नसे. ती तपासणारी, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मान हलवायची, हे तिचं काम. ती सावकाश चालत बाकाच्या टोकाशी आली, खिशातून हातमोजा काढून चढवला आणि हात व्हाइसवर ठेवला. बारकीने मनाशी नियम घोळवला. आई आता कशाच्या बाजूने बोलते ते ऐकायचं, आणि ते तिला नको आहे असं समजायचं.

"हे सगळं थांबवावं," अक्का म्हणाली. "शीर नको आणि धमनी नको. डॉक्टरबाईंना नमस्कार करावा आणि घरी यावं."

अक्काचा आवाज नेहमीचाच होता, पंपाचा दोष सांगतानाचा. तिने सांगितलं की केस परत येतील. जेवणाला पुन्हा जेवणाची चव येईल, आता सगळ्याला चमच्याची चव असते. सोमवार हा सोमवार होईल, फेरीच्या आधीचा दिवस किंवा फेरीच्या नंतरचा दिवस राहणार नाही. बारकी माझ्याकडे बघताना आधी माझा रंग बघते, मग मला बघते. ते उलटं होईल. फ्रिजमधली बाटली काढेन, दार उघडं ठेवून तिथेच उभी राहून तोंडाला लावेन, घशातून खाली जाईपर्यंत गार. संपेपर्यंत पिईन. दुसरी उघडेन.

"किती दिवस मिळतील, तर मिळतील तेवढे," ती म्हणाली. "पण ते माझे असतील. आत्ताचे दिवस आपण सगळे वाटून घेतो."

बारकी रडत होती, आवाज न करता, उंच माणसं रडतात तशी, छताकडे बघत. भाऊचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं, कारण अक्काचा हात अजून व्हाइसवर होता. मामीला मात्र तो हातच दिसत होता. हातमोजा घातलेला, घट्ट आवळलेला.

"अक्का," तिने नियम मोडून हळूच विचारलं, "पलटीच चाललीय ना ही?"

"मग काय भाषण करतेय का?" अक्का म्हणाली आणि हात काढला.

ते डोक्यात शिरायला भाऊला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बारकी आधी हसली, मग पुन्हा रडली, मग दोन्ही एकदम करू लागली आणि जाऊन आईच्या गळ्यात पडली, म्हणजे वाकून पडली. थांबायचं नाहीये. हिला थांबायचं नाहीये. भाऊने बाकावर एवढ्या जोरात हात आपटला की खडू खाली पडला. मामी हसली नाही लगेच. गार पाण्याचं अक्काने फार लाडाने सांगितलं होतं.

अक्काने तिची नजर बरोबर पकडली. "थोडं सुलट होतं त्यात," ती तिला म्हणाली. "ते राहू दे तुझ्यापाशी."

मग भाऊने विचारलं, बरं, थांबायचं नाही, तर मग कुठली वाट. आणि दोघंही, मामा आणि भाची, शाळेतली पोरं निकालाकडे बघतात तशी तिच्याकडे बघू लागली.

"तू तुझा तो निळा पंप केलास, आठवतो?" अक्काने भावाला विचारलं. "नवीन डिझाइनचा."

आठवायला कशाला हवं. बाकावर त्या पंपाने जुन्याला पार झोपवलं होतं आणि बाजारात गेल्यावर स्वतः झोपला होता.

"का झोपला? कारण चाचणीला नव्यासाठी कास्टिंग, ओतीव भाग, तू निवडून घेतलंस. चांगलं तेवढं नव्याला, उरलंसुरलं जुन्याला. मुद्दाम नाही केलंस, तुझा जीव होता त्यात. तेव्हापासून कुठलं कास्टिंग कुठल्या पंपाला, हे मी डोळे मिटून उचलते. ज्याचा जीव गुंतलाय त्याने निवडलं की बाक खोटं बोलतो. ते डॉक्टरबाईंचं मशीन तेच करतंय. मला ती बाई त्यासाठीच आवडली, मला माहीत नाही म्हणाली."

भाऊ म्हणाला, ते पंपाचं झालं. पण मशीनने शीर काढली तर?

"तर शीर."

आणि धमनी काढली तर, बारकीने विचारलं.

अक्का पुन्हा स्टुलावर बसली. दमली होती. "काकाचं काय झालं ते तुम्ही दोघांनीही बघितलंय," ती म्हणाली. "भाऊचं ऐकलं आणि बिनसलं, तर बारकी भाऊला आयुष्यभर काही बोलणार नाही, आणि ते न बोललेलं तो रोज ऐकेल. बारकीचं ऐकलं तर उलटं. मी नसेन तेव्हा तुम्हाला दोघांनाच हा बाक आहे. मशीनवर कुणाला रागावायचं असेल त्याने खुशाल रागवावं."

भाऊने खिशातून फोन काढला, सगळ्यांसमोर, आणि त्या दुसऱ्या शहरातल्या सेंटरला कळवलं की आमचं जमत नाही. मग फोन बाकावर उपडा ठेवून दिला.

सोमवारी चौघंही गेली. अक्काने सही केली, बोटांमुळे जरा वाकडीच आली. डॉक्टरबाई दुसऱ्या खोलीत गेल्या आणि दारात परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळे भाऊला वाटलं अजून व्हायचं आहे.

"धमनी," त्या म्हणाल्या.

भाऊला हवं तेच. बारकीने त्याच्याकडे पाहिलं, तो आता उडेल म्हणून. तो मागच्या मागे बाकड्यावर बसला. डॉक्टरबाई सांगत होत्या की तयारी काय, कुठे यायचं, आणि भाऊला त्यातलं फक्त जांघ एवढंच ऐकू येत होतं. आपल्या बहिणीची जांघ. तिच्यात सुई. त्याने मामीला विचारलं पाणी आहे का, आणि पाणी आल्यावर ते हातात धरून बसला.

सिस्टरने अक्काला आत नेलं, पलंगावर झोपवलं आणि पायाच्या पंज्यावर बोटांनी नाडी शोधू लागली. नळी घालायच्या आधी आणि नंतर ती सारखीच लागायला हवी असते. सापडली तिथे पेनाने फुली मारली. अक्काला फुलीची गुदगुली झाली, किंचित. तिने मान वळवली. दाराला काच होती आणि काचेतून व्हरांडा दिसत होता.

बाकड्यावर भाऊ होता आणि बारकी त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, तरी तिचं डोकं त्याच्या बरोबरीला आलं होतं. ती हवेत बोटाने काहीतरी काढत होती, दोन गोल, आणि मध्ये रेघ. भाऊ मान हलवत होता. मग त्याने काहीतरी विचारलं, आणि बारकीचं बोट थांबलं, ती घाबरल्यासारखी दिसली, आणि आता तो तिला समजावू लागला, हातवारे करून, पाणी सांडत. मामी दोघांच्या मध्ये टॉवेल घेऊन उभी होती. काचेतून आवाज येत नव्हता. कोण कुणाची बाजू मांडतंय ते अक्काला तिथून ओळखू येईना.

सिस्टर विचारत होती, पहिली फेरी बुधवारी चालेल का, की घरी विचारून सांगता.

"बुधवारी चालेल," अक्का म्हणाली. "घरचे कामात आहेत."